रस्त्यानं गेली नाव

माहं नाव गिरजा. माहेर माहं पल्याडचं, म्हंजे वर्धा नदीच्या त्या अंगचं, अमरावती जिल्ह्यातलं, आन सासर अल्याडचं, आष्टी तालुक्यातलं. दोन्ही गावं अशी समोरासमोर की तिकडं कोनाच्या घरी फोडनी पडली आन वारा असला त इकडं वास येये, पन मधात नदी, आन नदी म्हंजे आमचं सारं काही. आमी भोई. माह्या सासऱ्याकडं घाटावरची नाव होती, ते लोकाईले या काठावून त्या काठावर सोडे. लग्न लागलं आन मी त्याच नावेत बसून सासरी आली. हळदीचं अंग, पदर नाकापर्यंत, मले काहीच दिसे ना, फक्त पायाखालच्या फळ्या दिसे आन फळ्याईच्या खाली पानी वाजे, कोनी तरी झोपेत बोलून राह्यलं असं. काय सांगू ताई तुमाले, मले आजही झोप लागाची असली की तोच आवाज येते.

नाव मोठी होती. आमी तिले थोरली म्हनो, काऊन की एक लहान डोंगाही होता, मासोळ्या धराचा, तो धाकटा. थोरली सागवानाची, सासऱ्यानं आन त्याईच्या भावानं मिळून केलेली, आमच्या ओसरीहून लांब, आन येवढी रुंद की मधात म्हैस आडवी उभी राहे आन तिच्या दोन्ही अंगाले मानसं बसे. तिच्यातून नवऱ्या गेल्या, बाळंतिनी गेल्या, पेरनीचं बियानं गेलं, गेलेली मानसंही गेली, पांढऱ्या कपड्यात गुंडाळून. एकदा बँडवाले गेले, त्याईले मधातच वाजवाची हुक्की आली आन वरातीसंगं एक म्हैस होती, ते बावचळली... पन ते सांगत बसली त दिवस जाईन.

माहे मालक तापानं गेले. पोरं लहान होती, रमेश मोठा, शोभा त्याच्या पाठची. सासरे म्हातारे झालते, त्याईच्यानं नाव ढकलाचा बांबू धरवे ना. घाटावर लोक येऊन उभे राहे, त्याईले काय सांगाचं? मी कासोटा मारला आन बांबू घेतला. पहिले पहिले नाव जागच्या जागी गोल फिरे, लोक पदराआड हासे. सासरे काठावर बसून म्हने, बाई, तू नावेले ढकलू नोको, तू पान्याले ढकल, नाव जाते आपोआप. तवापासून कितीक वर्सं मीच थोरली चालवली. नदीवर एकटं असलं ना ताई, त मानूस काही इचार करत नाई. बांबू खाली जाते, रेतीले लागते, वर येते. सकाऊन धुकं असलं की काठ दिसे ना, इकडचाही नाई आन तिकडचाही नाई, मधात मी आन थोरली. मले कधी भेव नाई वाटलं. मले वाटे, जग इतकंच हाय, आन पुरे हाय.

मंग पूल झाला. चांगलं झालं, मी वाईट म्हनत नाई, कोनाच्या पोटात दुखलं त मानूस दवाखान्यात तरी पोचते आता. पूल झाल्यावर काही दिवस जुने लोक माह्या तोंडाकडं पाहून नावेत बसे, मंग तेही पुलावून गेले. आमी थोरलीले काठावर वढून करंजीच्या झाडाखाली उलथी घातली, खाली दगडं लावून. तिच्या सावलीत बकऱ्या बसे. दुपारची मीही जाऊन तिच्याखाली निजो. आतून पाह्यलं त फळ्याईच्या फटीतून उजेडाच्या रेघा येये, बारीक बारीक, आन माह्या अंगावून सरकत जाये, आन मले कळे ना का मी जागी हाव का निजली हाव.

रमेशनं ट्रॅक्टर घेतला. कोनाचा संत्रा नेते, कोनाचा कापूस नेते, चांगला पोरगा हाय, कमी बोलते. शोभा दिली केळझरच्या अंगाले, डोंगराच्या पल्याड, एका धरनाच्या काठच्या गावात. जवाई आमच्यातलेच, पन वावर कसते, वांगे, मेथी, सांभार म्हंजे कोथिंबीर लावते. धरन झालं तवा त्याईचं जुनं गाव पान्याखाली गेलं, घरं या काठावर आली आन वावरं त्या काठावर राह्यली. वावरं काळी, ओलाव्याची, सोडवत नाई. रस्त्यानं जाचं त साऱ्या डोंगराले वळसा, अर्धा दिवस त्याच्यातच जाते, आन भाजी त सकाऊनच सेलूच्या बाजारात पोचाले पाह्यजे. मंग लोक काय करे, ट्रकच्या चाकाच्या ट्यूबा हवा भरून एकमेकीले बांधे, वर फळी टाके, आन त्याच्यावर बसून हातानं पानी सारत जाये. बायाही जाये. शोभाही जाये. मले सांगत नोहती.

मले कळलं ते वच्छलाबाई गेल्यावर. शोभाच्या शेजारची बाई, माह्याच वयाची. वच्छलाबाई आन तिची सून कविता, दोघी एका फळीवर, वांग्याची टोपली मधात. वारा सुटला, फळी कलली. कवितानं ट्यूब धरली. वच्छलाबाईनं टोपली धरली. शोभा फोनवर हे सांगून राह्यली आन मी इकडं आंगनात तांदूळ निवडून राह्यली, माहे हात थांबले. म्हनलं, शोभे, आन तू कायच्यावर जातं वावरात? मंग म्हने, आई, सारेच जाते.

कविताचं असं झालं की ते पान्याकडं जाये ना. वावर त्या काठावर सुकून राह्यलं आन ते घरात पाठ फिरवून बसे, नवऱ्यासंगं बोले ना, लेकरासंगं बोले ना. शोभा म्हने, तिले हाक मारली त आपल्याकडं पाहते, पन आपल्या मागचं कायतरी पाहून राह्यली असं वाटते.

मी फोन ठेवला आन करंजीखाली गेली. पाहतो त थोरलीच्या पोटावर खडूच्या रेघा. रमेशचं घर बांधनं सुरू होतं, सुतार येऊन माप घेऊन गेलता, चौकटीचं आन दरवाज्याचं. जुनं सागवान, असं लाकूड आता कुठं भेटते. रमेशनं मले इचारलं होतं आन मीच हो म्हनलं होतं, पडून सडन त काय कामाचं. पन त्या दिवशी त्या रेघा पाह्यल्या आन सांजच्याले जेवताना मी म्हनलं, रमेश, थोरली शोभाले पाठवाची.

त्यानं घास खाली ठेवला. म्हने, आई, ते काय सायकल हाय का, मागं बांधली आन नेली? येवढं जड धूड, मधात अर्धा जिल्हा. मी म्हनलं, नदीतून जाते का पाह्य. म्हने, नदी तिकडं जातच नाई. मंग म्हने, आन माही चौकट? मी म्हनलं, बाभळीची कर. तो हात धुऊन बाहीर गेला. सून म्हने, आत्याबाई, त्याईचंही बरोबर हाय ना. मी म्हनलं, हाय, त्याचंही बरोबर हाय. दोघंही माह्याच पोटचे ताई, कोनाले चूक म्हनू? त्याच्यानंतर आमी मायलेक त्याच्यावर बोललो नाई. तो सकाऊन जाये, सांजच्याले येये, मी वाढो, तो खाये.

दिवाळी आली. भाऊबीजेले रमेश बहिनीकडं गेला आन परत आला तो घरात नाई आला, सरका करंजीखाली गेला. मी मागून गेली. पाहतो त फडकं ओलं करून खडूच्या रेघा पुसून राह्यला. तोच बोलला, मान खाली घालून. म्हने, आई, मी पोचलो त शोभा म्हने, दादा, तू बस, तुह्यासाठी ताजे वांगे आनतो, भरीत करतो. मले वाटलं घरामागच्या कुंपनातून आनन. मी मागून पान्यापर्यंत गेलो. ते त्या ट्यूबवर पालथी पडली, साडी खोचून, आन दोन्ही हातानं पानी मारत गेली. येवढीशी दिसे. मले पोहता येते आई, पन मी नुसता काठावर उभा. तिनं वांगे आनले, भाजले, मले वाढले, मंग मले ओवाळलं. येवढं बोलला आन पुन्हा पुसाले लागला. सारं पुसून झाल्यावर म्हने, ट्रेलर पाहून ठेवतो.

आता ताई, वर्सानुवर्सं कोरडी पडलेली नाव अशीच उचलून नेता येत नाई. फळ्या आकसल्या होत्या, फटीतून बोट जाये. गावातल्या मानसाईनं मिळून तिले सुलट केली, पान्यात सारली, आन मी तिच्यात दगडं भरले आन घाटाखालच्या डोहात तिले बुडवून टाकली. लोक म्हने, गिरजाबाई येडी झाली, पोरीले द्याची आन बुडवते काऊन. लाकूड पानी पेते ताई, पेऊन पेऊन फुगते, फटी आपल्या आपन मिटते. मी रोज सकाऊन जाऊन पाहो. पानी निवळ होतं. खाली थोरली निजलेली दिसे, हिरवी हिरवी, आन तिच्या पोटातून लहान लहान मासोळ्या येये-जाये. मी काठावर बसो आन मले वाटे, उठवाचं काऊन हिले? इतकी शांत निजली हाय. मंग एक दिवस दगडं काढले, आन ते हळूच वर आली, झोपेत कूस बदलावं तशी. पानी उपसलं. खालून एक थेंब आत आला नाई.

रमेशनं ट्रेलर आनला, पोकलँडची मशीन वाहून नेते तसा, लांब आन बुटका. त्याच्यावर कुटारानं, म्हंजे भुशानं, भरलेली पोती बांधली, नावेले गादी म्हनून. पन सारे घाईत होते. रमेश म्हने, ट्रेलर पान्यात घातला त चाकाचं ग्रीस जाते, काठावरच ठेवू, ओंडके टाकून नावेले वर वढू. मी म्हनलं, पाहा बा तुमी. वढलं, पंधरा-वीस मानसं दोराले लागले, नाव अर्धी वर आली आन अडली. अर्धी ट्रेलरवर आन अर्धी मागं लोंबते. कोनी तरी म्हने, चालते, बांधा, पुढं सपाटीवर नीट करू. दोर बांधला. रमेश ट्रॅक्टरवर बसला आन घाटाचा चढ चढाले लागला.

मले ते आजही दिसते, अगदी हळू, सपनात दिसावं तसं. सारं वजन ट्रेलरच्या चाकाच्या मागं. ट्रेलरचं शेपूट खाली गेलं, तोंड वर उठलं, आन तोंडासंगं ट्रॅक्टरची मागची बाजूही उचलली गेली. मोठी चाकं जागच्या जागी फिराले लागली, चिखल उडाले लागला, आन ट्रॅक्टर, ट्रेलर, नाव आन वर बसलेला माहा पोरगा, सारंच मागं मागं डोहाकडं घसराले लागलं. मानसं बाजूले पळाले. कोनी चाकाखाली दगड टाकला, तोही घसरला. माह्या कमरेले विळा होता, पोत्याच्या सुतळ्या कापाले ठेवलेला. मी चिखलातून गेली आन नावेचा दोर कापला. एका घावात नाई तुटला, पुन्हा मारला, पुन्हा मारला. दोर तुटला आन थोरली सरकन पान्यात गेली. तिकडं ट्रेलरचं तोंड धाडकन खाली आलं, ट्रॅक्टरची चाकं जमिनीले लागली आन थांबलं सारं. रमेशच्या मागं पानी हातभर राह्यलं होतं.

तो खाली उतरला. घाटाच्या दगडावर बसला. मी त्याले पानी देल्लं. थोरलीच्या काठाची एक फळी चिरली होती, ते मधात डोहात फिरून राह्यली होती, तिचं तिचंच, कोनाची नाई अशी. रमेश म्हने, आई, जाऊ दे. मी शोभालेच इकडं घेऊन येतो, जवायाले, लेकराईले, साऱ्याईले. मी म्हनलं, तिचं घर तिकडं हाय. सूनबाईनं भाकरी आनल्या होत्या, ठेचा होता, साऱ्याईनं तिथंच बसून खाल्लं. वारा पडला होता. मी नावेकडं पाहून राह्यली आन मले वाटलं, आपन हिले जनावरासारखं वढून राह्यलो. वढाले काऊन पाह्यजे? हिले त पानी उचलते.

मी म्हनलं, रमेश, ट्रेलर पान्यात घाल. ग्रीस गेलं त पुन्हा भरू. पार बुडू दे. नावेले वर आनू नोको, ट्रेलरले खाली ने, मी नाव त्याच्यावर आनून उभी करतो. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मंग म्हने, आन पान्याखाली ट्रेलर कुठं हाय ते तुले दिसन कसं? तो उठला, दोन लांब बांबू आनले आन ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्याईले उभे बांधले. म्हने, या दोघाईच्या मधातून ये. माह्या डोक्यात नोहतं आलं ते.

ट्रेलर मागं मागं पान्यात गेला, पोती बुडाली, फळ्या बुडाल्या, नुसते दोन बांबू वर राह्यले, कोनाच्या तरी मांडवाच्या दारावानी. ट्रॅक्टर घाटाच्या पक्क्या दगडावर. मी नावेत उभी राह्यली, कितीक वर्सानं बांबू हातात घेतला. हात इसरले नोहते. मी पान्याले हळूच ढकललं आन थोरली त्या दाराकडं निंघाली, नाक ट्रॅक्टरकडं करून, आन दोन बांबूच्या मधातून अशी आत गेली का तिनं कोन्याच बांबूले अंग लावलं नाई. मी नाकाचा दोर रमेशकडं फेकला, म्हनलं, नुसता धर, वढू नोको, तिले येऊ दे. ते आली. नावेचं जड पोट ट्रेलरच्या चाकाच्या थोडं पुढं आलं तवा मी थांब म्हनलं. लय पुढं नाई, मागं त नाईच. जेवन झालेल्या मानसानं आपल्या खांद्यावर हात ठेवावा, तेवढाच भार ट्रॅक्टरवर पडला पाह्यजे.

मंग रमेशनं ट्रॅक्टर पुढं घेतला, इतका हळू का चाक फिरते का नाई ते कळे ना. पानी खाली खाली जाऊन राह्यलं आन माह्या पायाखाली थोरली पोत्याईवर टेकली. कशी टेकली सांगू, लेकरू झोपलं आन आपन त्याले पाळन्यात ठेवलं, तशी. आवाज नाई. चढ आला आन यावेळी चाकं फिरली नाई, धरून चालली. वर सपाटीवर आल्यावर पहिले नाकाले बांधलं, मंग पोटाले दोन्ही अंगानं, मंग शेपटाले, आन जिथं दोर लाकडाले लागे तिथं पोतं घातलं. आत राह्यलेलं पानी मी गडव्यागडव्यानं उपसलं, काऊन की चढावर ते पानी मागं पळते आन वजन घेऊन जाते. चिरलेल्या फळीले पत्रा मारला. अंगावर ओली पोती टाकली, रस्त्यात लाकूड सुकू नोये म्हनून. रमेशनं साऱ्या बाजूनं एक चक्कर मारली, एकेक दोर हातानं वाजवून पाह्यला. मंग म्हने, आता ठीक हाय.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निंघालो. रमेश म्हने, आई, मडगार्डवर बस. मी म्हनलं, मी नावेत बसतो. म्हने, लोक हासन. मी म्हनलं, हासू दे.

ताई, ते सांगाले मले शब्द नाई. मी जिंदगीभर थोरलीत बसली, पन पान्यावर. आता ते वर, मी तिच्या वर, आन खाली रस्ता. संत्र्याचे बगीचे आले, झाडं माह्या खांद्यापर्यंत, हात लांबवला त संत्रा हातात येईन. मंग कपाशी आली, फुटलेली, दोन्ही अंगानं पांढरी पांढरी, धुकं बसल्यावानी, आन त्याच्या मधातून नाव चालली. एका वावरात बाया कापूस वेचून राह्यल्या होत्या, त्या साऱ्या कमरेवर हात ठेवून उभ्या राह्यल्या. एकीनं इचारलं, मावशी, कुठं चालली नाव घेऊन, तिकडं पानी येऊन राह्यलं का? मी म्हनलं, पानी तिकडंच हाय, मी त्याच्याकडं चालली. ते हासली आन हात जोडले, काऊन जोडले ते तिलेही ठावं नसन. एका शाळेतली पोरं कुंपनाले लटकली, मास्तर बाहीर आले, त्याईनं पोराईले आत नाई हाकललं, तेही पाहत राह्यले. कडुनिंबाची एक फांदी नावेवून घासत गेली आन पिवळा पाला माह्या मांडीवर पडला. मधात मधात रमेश गाडी थांबवे, उतरे, दोर पाहे, सैल झाला त आवळे, आन माह्याकडं वर पाहून इचारे, बरी हायस ना? मी मान हालवो.

दुपारच्याले माहा डोळा लागला. नाव डुलून राह्यली होती, खाली ट्रॅक्टर घुमून राह्यला होता. मले दिसलं का माहे मालक मागं उभे हाय, बांबू हातात, वय तेच जे गेले तवा होतं, आन मी मात्र म्हातारी. मले लाज वाटली. मी म्हनलं, रस्त्यावर बांबू कुठं टेकता तुमी? त्याईनं खाली पाह्यलं आन म्हने, टेकते. येवढंच. जाग आली त केळझरच्या गनपतीची टेकडी उजव्या हाताले होती, ऊन कललं होतं. मी बसल्या जागून हात जोडले. माहा चेहरा ओला होता, वाऱ्यानं का कशानं, काय मालूम.

सांजच्याले पोचलो. सारं गाव पान्याच्या काठावर. शोभा पुढं आली, नावेच्या पोटाले तिनं हात लावला आन हातच नाई काढला. थोरली उतरवाच्या वेळी रमेशनं मले काही इचारलं नाई. त्यानंच दोर सोडले, पहिले शेपटाचा, मंग पोटाचे, नाकाचा तसाच ठेवला, आन ट्रेलर मागं मागं पान्यात नेला. नेत गेला, नेत गेला, आन एका जागी थोरली हालली. मंग उठली. आपली आपन. त्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरून नाकाचा दोर शोभाच्या हाती देल्ला आन तिले म्हने, उद्या भरताचे वांगे आनाले मी येतो तुह्यासंगं. शोभा पदर तोंडाले लावून हासली, आन मंग रडली.

दुसऱ्या दिवशी सकाऊन बाया टोपल्या घेऊन आल्या, पुरुष आले, पन पहिले नावेत बसाले कोनी धजे ना. मी बांबू घेऊन उभी. तेवढ्यात गर्दी बाजूले सरकली आन कविता आली. हातात हळदी-कुंकू. तिनं थोरलीच्या नाकाले हळद लावली, कुंकू लावलं, पान्यात दोन वांगे सोडले, सासूच्या नावानं असन, आन सरकी आत येऊन बसली. दोन्ही हातानं फळी धरलेली, बोटं पांढरी झालती. मी नाव सोडली. मधात आलो तवा पानी इतकं निवळ होतं का खाली जुन्या गावचा रस्ता दिसे, इहिरीचं तोंड दिसे, एक मेलेलं चिंचेचं झाड दिसे. कविता वाकून पाहे. मंग तिनं एक हात फळीवून काढला आन पान्यात टाकला. तसाच ठेवला पार काठापर्यंत. काठ आला तवा मले म्हने, मावशी, मले शिकवान का हे?

मी चार दिवस राहाले आली होती. आता त इथलीच झाली. रमेश येते, सूनबाई येते, मी सनावाराले आष्टीकडं घरी जातो आन परत येतो. माह्या हातात पहिल्यासारखा जोर नाई राह्यला, खांदा दुखते. नाव आता शोभा चालवते आन कविता चालवते, जास्त करून कविताच. ते आता येवढी बोलते ताई, येवढी बोलते का तिचा नवरा म्हने, मावशी, हिले थोडं कमी शिकवाचं होतं. परवा वारा होता, मी सवयीनं उठून उभी राह्यली त मागून कविता म्हने, मावशी, उभी नोको राहू, खाली बस, भार हालते. मी बसली. काय करता, तिचं बरोबर होतं. टोपल्याईच्या मधात, मेथी-सांभाराच्या वासात, मी डोळे मिटून बसतो आन पानी फळ्याईच्या खाली वाजत राहते. माह्या लेकी सुखात राहो, तुमीही सुखात राहा ताई. उद्या सकाऊन येजा, तुमाले त्या काठावर नेऊन आनतो, म्हंजे कविता नेईन, मी नुसती संगं बसन.